स्टेजवर संगमरवर नको

१९८३ साल. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, आणि सकाळी अकरा वाजता जयपूरच्या युनिव्हर्सिटीतल्या स्टेजवर मधोमध उताणा पडलो होतो. भोवती चार मजूर पहारी घेऊन उभे. त्यांना स्टेजच्या फळ्या उखडायच्या होत्या. मी म्हटलं, आधी मला उखडा.

मजूर हसत होते. त्यांचे इंजिनियरसाहेब हसत नव्हते.

“मिस्त्री, उठो. तमाशा मत करो.”

“नहीं उठता, साहब.”

“मकराना का पत्थर लग रहा है यहाँ. लोग घर में लगाने को तरसते हैं.”

“तो घर में लगाओ. मंदिर में लगाओ. स्टेज पे नहीं.”

“कितने पढ़े हो तुम?”

“चौथी पास.”

“और मैं इंजिनियर हूँ.”

“आप कभी स्टेज पे नंगे पाँव खड़े हुए?” मी पडल्या पडल्याच विचारलं.

त्यांनी आमच्या सेंटरच्या साठे मॅडमना बोलवायला माणूस पाठवला.

आता मी कोण ते सांगतो. मी मिरजेचा. आडनाव सुतार, धंदाही सुताराचा. पंधरा वर्षं एका नाटक कंपनीत बॅकस्टेजला काढली. दोन अंकांच्या मधल्या दहा मिनिटांत राजवाडा काढून तिथं जंगल उभं करायचं, हे माझं काम. पुढं कंपनी बंद पडली. मेहुणा फौजेत होता, त्याचं पोस्टिंग जयपूरला. चार दिवस त्याच्याकडं म्हणून आलो तो कायमचा इथला झालो. कॅम्पातल्या मराठी लोकांच्या गणपतीत मी स्टेज बांधलं होतं, ते साठे मॅडमनी पाहिलं. मॅडम पुण्याच्या. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायच्या आणि स्टुडंट कल्चरल सेंटर त्यांच्याकडं होतं. स्टेजखाली वाकून त्यांनी माझे सांधे बघितले. “एक खिळा कमी नाही, एक जास्त नाही,” म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मी सेंटरचा स्टेज मिस्त्री झालो.

सेंटर म्हणजे काय? बाहेरून बघाल तर एक हॉल, तीन खोल्या आणि मागं रंगपट. रंगपट म्हणजे जिथं मुलं तोंडाला रंग लावतात ती खोली. पण आत काय चालायचं ते मी बघितलंय. सीकर, झुंझुनूकडची मुलं यायची. वर्गात प्रोफेसरांनी नाव विचारलं तरी मान खाली घालणारी. सहा महिन्यांत तीच मुलं चारशे माणसांसमोर उभी राहून खणखणीत बोलायची. कॅम्पातल्या फौजी घरांतली मराठी मुलं दरवर्षी एक मराठी एकांकिका करायची. त्यांचं मराठी असलं की, ‘आई, मी बहुत थकलो’ असं स्टेजवर म्हणायची. लोक हसायचे, पण त्यांच्या आया पहिल्या रांगेत डोळे पुसायच्या. इंजिनियरिंगवाले, डॉक्टरीवाले, बी.ए.वाले, कोण कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, सगळे एकाच दोरीला हात लावून पडदा ओढायचे. या शहरात कॉलेजं पुष्कळ होती. पण मुलांनी चुकावं, आणि चुकलं तरी मार्क जाऊ नयेत, अशी जागा तेवढी एकच होती. तिची जमीन माझ्या ताब्यात होती. हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आजही सांगतो.

तर ती जमीन उखडायची वेळ का आली?

त्याच्या आठ दिवस आधी मंजू नावाची मुलगी स्टेजवर कथकचा सराव करत होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, होस्टेलला राहणारी. एक फळी मोडली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. नशीब, खरचटण्यावर भागलं. इंजिनियरसाहेब येऊन बघून गेले. उजव्या बाजूचे खालचे वासे कुजले होते. ते मला वर्षभर माहीत होतं. रंगपटातला नळ गळायचा, त्याची ओल भिंतीतून स्टेजखाली यायची. मी ओव्हरसियरला तीनदा सांगितलं होतं. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, “लिख के दो.” आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, “तोंडानं सांगितलेलं कळत नाही का?” लिहायची मला लाज वाटायची, हे खरं कारण. त्यामुळं फाइलीत कागद एकही नाही. ती माझी चूक. एवढी एकच.

त्याच आठवड्यात मकराण्याच्या खाणीवाले एक शेठजी व्हाइस चान्सलरसाहेबांना भेटले. त्यांना युनिव्हर्सिटीला काहीतरी द्यायचं होतं. फळी मोडल्याचं कानावर आलंच होतं. शेठजी म्हणाले, स्टेजला माझ्याकडून पांढरा संगमरवर. झालं! राजस्थानात संगमरवराला नाही कोण म्हणणार? तिथं देवळाला तो, घराच्या उंबऱ्याला तो, समाधीला तो. नुसतं नाव काढलं की माणसं हात जोडतात. स्टेजवर काय होतं हे कुणी विचारलंच नाही.

स्टेजची जमीन पोकळ असते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. खाली आडवे वासे, वाशांवर फळ्या, मध्ये हवा. पाय पडला की फळी केसभर खाली जाते आणि परत वर येते. सुतारकामात आम्ही त्याला जमिनीचा श्वास म्हणायचो. नाचणारी मुलगी तासाला हजारदा टाच आपटते. लाकूड त्यातला निम्मा मार खातं. दगड काही खात नाही, सगळा मार गुडघ्याला परत पाठवतो. दुसरं म्हणजे नाटकातली भिंत कापडाची असते. तिला मागून तिरका टेकू देतात आणि टेकू जमिनीला खिळ्यानं ठोकतात. संगमरवरात खिळा ठोकून दाखवा! भिंत उभी राहणार नाही म्हणजे नाटकच उभं राहणार नाही.

साठे मॅडम आल्या. चप्पल काढून वर चढल्या, माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

“सुतार, उठा. सस्पेंड करतील तुम्हाला.”

“करू देत मॅडम. मी उठलो की पहार पडेल.”

“अहो, तुम्हाला अर्धंच माहिती आहे.” त्या खाली बसल्या आणि हळू आवाजात मराठीत बोलू लागल्या. “परीक्षा विभाग वर्षभर स्टेजसकट हा हॉल मागतोय. बाकं मांडायला. फळ्यांवर बाकं हलतात म्हणून आत्तापर्यंत मी त्यांना थोपवलंय. एकदा दगडी फरशी झाली की माझ्याकडे कारण उरत नाही. मार्चमध्ये बाकं येतील आणि ती परत जाणार नाहीत.”

“मग तुम्ही का नाही आडव्या पडलात?”

“कारण मी प्रोफेसर आहे!” मॅडम चिडल्या. मग त्यांनाच हसू आलं. “शेठजी चार वाजता नारळ फोडायला येताहेत. त्यांचा अपमान झाला तर व्हाइस चान्सलर सेंटरलाच कुलूप लावतील. त्यांच्याशी तुम्ही बोला. दोन वाक्यं. नीट.”

“चारपर्यंत पहार चालणार नाही?”

“माझा शब्द.”

तेव्हा मी उठलो. पाठ धरली होती, पण दाखवलं नाही.

चार वाजता शेठजी आले. साठीचे, अंगानं भरलेले, पांढरं धोतर, पायांत मोजडी. मागं इंजिनियरसाहेब आणि हारवाला. शेठजी पायरीवर पाय ठेवणार तोच मी आडवा हात केला.

“शेठजी, जूती उतार के.”

इंजिनियरसाहेबांनी कपाळाला हात लावला. आमच्या स्टेजचा तो कायदाच होता. मंत्री आले तरी पादत्राण खाली. शेठजींनी माझ्याकडं पाहिलं, मोजडी काढली आणि विचारलं, “कांई बात है, मिस्त्री? सुणा है तू म्हारे पत्थर से नाराज है.”

दोन वाक्यं ठरली होती. पण मला दोन वाक्यांत काही सांगता येत नाही. मी म्हटलं, “शेठजी, समझाना मुझे आता नहीं. आप खुद देख लो. पहले बाहर चलो.”

बाहेर पोर्चमध्ये कोटा स्टोनची फरशी होती. मी म्हटलं, इथं उघड्या पायानं दहा वेळा टाच आपटा. पूर्ण जोर लावून. जशा या मुली आपटतात तशी.

“मिस्त्री!” इंजिनियरसाहेब ओरडले. साठे मॅडम खांबाकडं बघायला लागल्या.

शेठजी म्हणाले, “रुको.” धोतर जरा वर खोचलं आणि टाच आपटली. एक. दोन. तीन. चौथ्याला तोंड वाकडं झालं. पाचव्याला म्हणाले, “बस, भाई.”

मग त्यांना स्टेजवर आणलं. डाव्या बाजूला, जिथं वासे शाबूत होते. तिथं त्यांनी आपटायला सुरुवात केली. पाच झाले, दहा झाले, शेठजी थांबेनात. पंधरा झाले. पोट हलत होतं, फळ्या ढोलासारख्या वाजत होत्या आणि ते लहान पोरासारखे हसत होते. हारवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मी विंगेत उभ्या असलेल्या मंजूला खूण केली. तिनं घुंगरू बांधले होते. पायाला अजून पट्टी होती. ती येऊन उभी राहिली आणि तिनं एक छोटा तुकडा केला. मी नाचातला जाणकार नाही. पण फळी ओळखतो. त्या दिवशी प्रत्येक टाच फळीनं उचलून परत दिली. शेवटच्या समेवर ती थांबली.

शेठजींनी तिला विचारलं, “बेटी, पत्थर पे नाचेगी?”

मंजू वर्गात कधी बोलायची नाही. ती म्हणाली, “नाचूँगी, अगर आप कहेंगे. पर कितने साल नाच पाऊँगी, ये आप बता दीजिए.”

शेठजी स्टेजच्या कडेवर बसले, आपली टाच चोळत.

“खदान में म्हारे आदमी पत्थर पे खड़े-खड़े काम करते हैं,” ते म्हणाले. “चालीस के होते-होते घुटने जवाब दे देते हैं. मैंने खुद देखा है. बस, यहाँ ध्यान नहीं आया.” मग इंजिनियरसाहेबांकडं वळले. “पत्थर बाहर लगाओ. पोर्च में, सीढ़ी पे. यहाँ लकड़ी रहेगी.”

“शेठजी, आपके नाम की पट्टी?”

“सीढ़ी पे लगा दो. आते-जाते सब पढ़ेंगे. यहाँ अंधेरे में कौन पढ़ता!”

नारळ स्टेजवर न फुटता पोर्चमध्ये फुटला. मी मनात म्हटलं, जिंकलो. पण इंजिनियरसाहेब अजून संपले नव्हते.

“ठीक है. लकड़ी. लेकिन फाइल में मुझे कागज चाहिए. कौन-सी लकड़ी, क्या खराब है, क्यों खराब है. आज छह बजे तक. कागज नहीं, तो मैं सीमेंट भर दूँगा और फिर बैंच लगें या कुछ भी.”

माणूस वाईट नव्हता. नियमाचा होता.

“मी लिहिते,” साठे मॅडमनी पेन काढलं.

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही वासे बघितले नाहीत. मी लिहितो.”

“सुतार, वेळ कमी आहे.”

“असू दे.”

रंगपटातल्या आरशासमोर बसून मी लिहिलं. हिंदीत लिहिता येत नव्हतं, म्हणून मराठीतच. सव्वा तास लागला. करवतीपेक्षा पेन जड, हे मला त्या दिवशी कळलं. कागदावर एवढंच होतं: ‘इंजिनियरसाहेबांस नमस्कार. स्टेजचे उजवीकडचे नऊ वासे ओलीनं कुजले. ओल रंगपटातल्या नळाची आहे. आधी नळ करा, मग वासे, मग फळ्या. वाशांना साल नावाचं लाकूड आणि वर सागवान पाहिजे. लाकूड मी निवडणार. दुसऱ्यानं निवडलं तर मी पुन्हा आडवा पडणार.’ खाली सही.

मॅडमनी वाचलं. “शेवटचं वाक्य खोडा.”

“नाही.”

“अहो, ऑफिसचा कागद आहे.”

“म्हणूनच.”

इंजिनियरसाहेबांनी कागद उभ्यानंच वाचला. अक्षरं हिंदीचीच, त्यामुळं बहुतेक कळलं. एका शब्दावर बोट ठेवलं. “ये ‘आडवा’ क्या?”

“सुबह जो देखा था, साहब.”

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद फाइलीत लावला. वर्षभर तीन वेळा तोंडानं सांगून जे झालं नव्हतं ते सात ओळींनी एका मिनिटात झालं. मला राग आला. ओव्हरसियरचाही आला, माझाही आला.

बाकं आली नाहीत. मी रिटायर होईपर्यंत त्या स्टेजवर मुलं नाचली, पडली, भाषणं विसरली, पुन्हा उभी राहिली. मंजू आता स्वतः शिकवते, आणि तिचे गुडघे चांगले आहेत, असं ती स्वतः मला सांगून गेली. आज मी प्रताप नगरात मुलाकडं असतो. नातवंडं विचारतात, आजोबा, आपने क्या किया जिंदगी में? मी सांगतो, जमीन राखली.

यातून शिकायचं एवढंच. ज्याच्या पायाखालची जमीन करायची त्याला आधी विचारावं. आणि आपल्याला कुणी विचारत नसेल तर रुसून बसू नये, कागद घ्यावा. अक्षर वाईट असलं तरी चालतं.

तो कागद दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि लाकूडबाजारात गेलो. पहिल्या वखारीतल्या सागवानाचा गठ्ठा बोटांनी वाजवून बघितला आणि परत ठेवायला सांगितला. दुसऱ्या वखारीतलाही ठेवायला सांगितला. तिसऱ्या वखारीत एक एक फळी उन्हात आडवी टाकून घेतली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मालकाला म्हटलं, “सेठ, चाय मँगा लो. टाइम लगेगा.”