तोंडात पाणी

आज विद्यानगरात स्कूटरवरून पडून बेशुद्ध झालेल्या मुलीच्या तोंडाशी एका बाईनं बाटली नेली. मी ती हिसकावली. "कसली बाई आहे ही!" ती बाई माझ्याकडं बघत म्हणाली. उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि मला तारिहाळचा रस्ता आठवला.

टेम्पोनं धडक दिली तेव्हा मी अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, मोटरसायकलवर मागं बसले होते. तो निपचित पडला होता, पण श्वास चालू होता. माणसं धावत आली. "नीर कुडस्री!" पाणी पाजा म्हणून कुणीतरी कानडीत ओरडलं आणि त्याच्या तोंडात बाटली उपडी केली. घशात घरघर झाली, ओठ निळे पडले. "नको, गुदमरतोय तो!" मी किंचाळत होते आणि बायका मलाच धरून ठेवत होत्या.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, जखमेनं नाही गेला. पाणी श्वासनलिकेत गेलं.

तेराव्याला मावशी म्हणाली, "पुण्यवान गं अण्णा, जाताना तोंडात पाणी तरी पडलं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तो जात नव्हता, मावशी. तो जिवंत होता. तुमच्या पुण्यानं मारलं त्याला.