कॅमेऱ्याच्या आतलं कुंकू

वडगावच्या माझ्या मामाकडे एक फ्रेंच फिल्म कॅमेरा होता. त्याचं आज जे शिल्लक आहे, त्याला कॅमेरा म्हणता येत नाही. म्हणून ‘होता’.

मामाचा धंदा मागाचा. बेळगावच्या कॅम्पातला एक लष्करी अधिकारी बदली होऊन जाताना साड्यांच्या बदल्यात तो कॅमेरा देऊन गेला. त्याला बॅटरी लागत नसे. बाजूची चावी फिरवून आतली स्प्रिंग भरायची आणि बटण दाबायचं. अर्धं मिनिट होत आलं की तो थांबायचा. तेवढ्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांवर मामानं बेळगावापासून निपाणीपर्यंतची लग्नं टिपली. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की भटजी त्याच्या हाताकडे बघायचे. चावी अजून भरून झाली नसली तर सूर लांबवायचे. निपाणीकडच्या जैन लग्नांत उपाध्येही तेच करत. मुहूर्त पंचांगाचा असायचा, पण शेवटचा शब्द त्या चावीचा.

खंडेनवमीला मागांबरोबर कॅमेराही पाटावर येई. पहिल्याच वर्षी मामीनं त्याचं बाजूचं दार उघडलं आणि जिथून फिल्म सरकते तिथं कुंकवाचं बोट लावलं. मामा ओरडला, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, “पूजा यंत्राची करायची का डब्याची?” मामानं ते पुसलं, पण एखादा कण राहिलाच. पुढच्या प्रत्येक फिल्मवर डाव्या कडेला एक बारीक उभा ओरखडा येत राहिला. गल्लीत त्याला ‘मामीची रेघ’ म्हणत. मामी गेल्यावर मामानं आत कधी ब्रश घातला नाही.

मी वर्तमानपत्रात नोकरी केली. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून कॅमेऱ्यावरच्या पट्टीवरचं नाव घेऊन कंपनीचा शोध घेतला. बऱ्याच खटपटीनंतर तिथं जुळणीचं काम केलेला एक म्हातारा सापडला. व्हिडिओ कॉलवर त्याची नात त्याचं बोलणं इंग्रजीत सांगायची, मी ते मामाला मराठीत सांगायचे.

कारखाना लहान होता, घड्याळं बनवणाऱ्या एका डोंगराळ गावातला. एक कॅमेरा एकच माणूस जुळवायचा, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्यापर्यंत. मग तो कानाशी धरून चालवायचा. आवाज पटला नाही तर पुन्हा उघडायचा. व्हिडिओ आल्यावर मागणी घटली आणि एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घेतला. तिला फक्त नाव हवं होतं. कुठंतरी भलतीकडेच बनलेल्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांवर ते नाव छापलं गेलं. कारखान्यातली तयार चाकं, स्प्रिंगा, साचे भंगारात गेले. कामगारांनी थोडे सुटे भाग मागितले होते, जुने कॅमेरे दुरुस्त करता यावेत म्हणून. तेही दिले नाहीत.

“नाव घिऊन काय भाजी करणार हुती म्हणावं ती लोकं?” मामा म्हणाला. मी ते जमेल तसं सांगितलं. नात हसली, म्हातारा हसला नाही.

त्यानं कॅमेरा उघडून दाखवायला सांगितलं. आतलं लाल काय आहे, असं विचारलं. मामानं मामीची गोष्ट सांगितली. मग चावी भरली आणि कॅमेरा फोनजवळ धरून चालवला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, आणखी एकदा.

त्या दिवसापासून मामाच्या डोक्यात एकच होतं. फिल्मचा एक कोरा रोल त्यानं फ्रिजमध्ये जपला होता. मामाच्या नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. ते या कॅमेऱ्यावर टिपायचं, रेघेसकट. वहिनीची म्हणजे त्याच्या सुनेची रोज कुरकुर असायची, की दही ठेवायला जागा नाही.

श्रावणात गल्लीतलाच एकजण आला. त्यानं हायवेला निपाणीजवळ हॉटेल काढलं होतं. भिंतींवर जुने रेडिओ, शिलाई मशिनं, मागाचे धोटे. “आप्पा, तुमचा कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवतो. उद्घाटन झालं की आणून देतो.”

“खंडेनवमीच्या आत आण रं,” मामा म्हणाला.

उद्घाटनाची बातमी मी सकाळच्या पेपरात वाचली. ‘वारसा जपणारे हॉटेल’ असा मथळा होता. फोटोत गल्ल्यावर मामाचा कॅमेरा दिसत होता आणि लेन्सच्या जागी बल्ब पेटलेला.

आम्ही दोघं लगेच निघालो. मालकानं हसत स्वागत केलं. “बघा आप्पा, कसा शोभतोय! लई लोक फोटो काढत्यात.”

मामानं कॅमेरा उचलला. तो हाताला नको इतका हलका लागला.

“आतलं कुठं हाय?”

“आतलं जड हुतं ओ, बल्ब बसंना. इलेक्ट्रिशियननं काढून टाकलं. भायरनं एक ओरखडा न्हाय, बघा की.”

“टाकलं म्हंजे?”

“भंगारवाला आलता, त्येला दिलं. जुनंच हुतं की. आता कोण फिल्म घालतंय त्यात? आन नाव तर समोर दिसतंय न्हवं? पट्टी पॉलिश करून घेटली मी.”

संतापाच्या भरात लिहायचं नाही, हे मला नोकरीत शिकवलं गेलं. म्हणून शांतपणे लिहिते. दुसऱ्याची चालती वस्तू उसनी घ्यायची, तिचं आतडं काढून विकायचं, वर पट्टी पॉलिश करायची आणि त्याला वारसा म्हणायचं, ही चोरी आहे. फ्रान्समध्ये ती कोट घातलेल्या माणसांनी कागदपत्रं करून केली. इथं ती हसतमुखानं चहा पाजून झाली. चहा आम्ही घेतला नाही. मी त्या पेपरच्या संपादकांना फोन करून घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ दे हो, चांगल्या बातमीत कशाला खडा?”

चावी शोभेसाठी डिंकानं परत चिकटवली होती. मामानं ती उपटून खिशात टाकली. “दिवा ऱ्हाऊ दे तुला,” एवढंच बोलून तो बाहेर पडला. भंगारवाल्याकडेही आम्ही गेलो. त्याचा माल आदल्या दिवशीच कोल्हापूरला गेला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्यानं तो दिवा घरी पाठवला, सोबत कुंदा मिठाईचा डबा. वहिनीनं दिवा पुसून धोट्यांशेजारी पाटावर ठेवला. मामानं तो उचलून खाली ठेवला.

“आप्पा, असू दे की,” वहिनी म्हणाली. “त्याची चूक त्यानं मानली.”

“त्यानं दिवा धाडलाय, चूक न्हाय मानली. आन तुझी सासू काय म्हणायची? पूजा यंत्राची का डब्याची?”

त्यानं खिशातली चावी पाटावर ठेवली आणि तिला कुंकू लावलं. सवयीनं ती दोन बोटांत धरून थोडी फिरवलीही.

नातीच्या लग्नात चार व्हिडिओवाले होते, वर ड्रोन. भटजी कुणाकडेही न बघता वेळेवर सावधान म्हणाले. रोल फ्रिजमध्येच आहे. दही ठेवताना वहिनी तो बाजूला सरकवते. कुरकुर मात्र करत नाही.