एका दिवसाचं अंतर

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर तोंडपाठ असलेला आणि तरीही स्वतःच्या ऑफिसात एकदाही वेळेवर न पोचलेला माणूस मी एकच पाहिला. अमेरिकेतल्या कॅरी गावातला माझा कारपूलचा सोबती. दोन हजार चारच्या सुमारास वर्षभर आम्ही एका गाडीतून जायचो आणि वीस मिनिटांच्या त्या रस्त्यात तो मला अर्धं जग फिरवून आणायचा. आमच्या शेजारच्या रॅली शहराहून मुंबई आठ हजार मैल, पण ते दोरा ताणून, असं तो बजावायचा. मुलीच्या पृथ्वीच्या गोलावर तो खरोखरच शिवणाचा दोरा ताणून बसलेला असे, आणि त्या बिचारीला गृहपाठाला गोल मिळत नसे.

विमान कंपन्यांनी छापलेल्या वेळा त्याला मान्य नव्हत्या. इथल्या दाराला कुलूप लावल्यापासून तिथल्या दारात चपला काढेपर्यंत प्रवास, हा त्याचा कायदा. गणपतीच्या जेवणात कोणी बावीस तासांत घरी पोचल्याची बढाई मारली, की हा ताट बाजूला ठेवून उलटतपासणी सुरू करायचा आणि त्याचे एकोणतीस तास करूनच सोडायचा. एका मित्राला तिकडे टेक्ससमधल्या फ्रिस्कोत मोठा जॉब मिळाला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. हा म्हणाला, "म्हणजे आईपासून अजून तीन तास लांब चाललास, यार."

त्याच्या डिकीत कायम एक भरलेली बॅग असायची, त्यामुळे माझं तांदळाचं पोतं माझ्या मांडीवर. एकदा वैतागून मी त्या बॅगेचा जाब विचारला, तेव्हा खरं कळलं. अमेरिकेला निघताना ठाण्याला आईने विचारलं होतं, काही झालं तर किती वेळात येशील? हा बोलून गेला, एका दिवसात. गेली पाच वर्षं तो ते चोवीस तास शोधत होता आणि गाडी सव्वीसच्या खाली येत नव्हती. मला आधी हसू आलं, मग माझीच लाज वाटली.

त्या जूनमध्ये आईच यायच्या ठरल्या आणि याचं जेवण तुटलं. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे थाप पचायची सोयच नव्हती. ठाण्याहून बुधवारी पहाटे तीनला निघालेल्या काकू रॅलीला उतरल्या तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजत होते, म्हणजे ठाण्यात गुरुवारी सकाळचे साडेसहा. साडेसत्तावीस तास, तेही घर यायचं बाकी असताना. मला त्याने सोबत नेलं होतं ते बहुधा मार खाताना कोणी जवळ असावं म्हणून.

काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "बरोबर सांगितलं होतंस रे. बुधवारी निघाले, बुधवारीच पोचले. एका दिवसात."

आयुष्यात कोणाची अर्धा तासही गय न केलेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "हो आई. एका दिवसातच."

काकूंच्या सामानाला जागा हवी म्हणून डिकीतली ती बॅग पहिल्यांदाच बाहेर आली. घरी पोचेपर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसलो, आणि अजिबात कुरकुर केली नाही.