सोप्यातला वळसा

नव्या कोऱ्या यंत्रावर अविश्वास दाखवण्यासाठीच आमच्या कडेगावच्या मामांचा जन्म झाला असावा, अशी माझी पक्की समजूत आहे. आत्तीचे यजमान म्हणून ते आमचे मामा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पेन्शनीत निघाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी यंत्रमानवांच्या किटांचा नाद धरला. आसपासच्या शाळा आणि सांगलीकडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज पोरांच्या हाती किट देण्याआधी मामांकडे तपासायला पाठवतात. मामा खोकं कानाशी धरून हलवतात, वास घेतात, माहितीपुस्तक पोथीसारखं मोठ्यानं वाचतात आणि जोडलेली गाडी थेट शेणानं सारवलेल्या अंगणात सोडतात. "कालेजच्या गुळगुळीत फरशीवर काय, खाट बी पळंल," हे त्यांचं शास्त्र. काळ्या रेघेवरून चालणारी एक गाडी अंगणात वाळत पसरलेल्या लुगड्याच्या काळ्या काठावरून मुकाट टोकापर्यंत गेली, तेव्हा आत्ती म्हणाली होती, "आवं, ह्याला काठ कळतूय. तुमास्नी उभ्या जन्मात कळला न्हाई."

घर मात्र अंगावर येणारं. फळीवर अर्धवट जोडलेले हात, धडाविना मुंडकी, आणि प्रत्येक मुंडक्याला दोन गोल डोळे. लाइट कमीजास्त झाली की एखादा हात आपोआप वर जातो आणि काही मागत असल्यासारखा तसाच राहतो. गॅसवाला टाकी फाटकाबाहेर ठेवून पळ काढतो. एकदा मला दुपारी तिथं डुलकी लागली. जाग आली तर एक मुंडकं मान वाकडी करून माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी ओरडतच अंगणात आलो. मामा शांतपणे म्हणाले, "भितूस कशाला रं? आवाज आला की मान वळवतंय ते. तू घोरत हुतास, त्याला वाटलं असंल गिरणी सुरू झाली." अशा घरात आत्तीनं संसार कसा केला, देव जाणे. दर अमावास्येला ती त्या मुंडक्यांचीसुद्धा दृष्ट काढायची.

गेल्या वर्षी कॉलेजकडून संशोधनाचं म्हणून एक भारी किट आलं. ताटाएवढी बसकी गाडी, वर गरागरा फिरणारा डोळा. आधी ती घरभर फिरून नकाशा करायची आणि मग त्या नकाशाबरहुकूम न धडकता चालायची. नकाशा झाला त्या दिवशी आत्ती सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खांबाला टेकून, पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. "हलू नगंस, नकाशा चाललाय," मामांचा हुकूम सुटला. "हलायला गुडघं कुणाचं ऱ्हायल्यात?" म्हणत ती बसून राहिली. त्याच आठवड्यात आत्ती गेली. छातीत कळ आल्याचं निमित्त झालं आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं. किट कपाटात गेलं.

पुढं बऱ्याच महिन्यांनी मी गेलो, तर शेजारच्या काकूंनी फाटकातच अडवलं. "आत जातूस खरं, पर जपून. तुझी आत्ती अजून बसलीया तिथं." मी हसलो. आत मामांनी ती गाडी चालू केली होती. स्वयंपाकघरातून ती सरळ आली, खांबाजवळ हळू झाली, आणि मोकळ्या जमिनीला नीट वळसा घालून दाराकडे गेली. कुणाचे तरी लांबवलेले पाय चुकवून गेली म्हणा ना. मी आपसूक उंबऱ्याबाहेर सरकलो.

"भूत न्हाई गड्या," मामा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "जुना नकाशा हाय." पडद्यावर भिंतींच्या रेघा होत्या, खांबाचा ठिपका होता, आणि ठिपक्याला चिकटून एक लहानसा डाग, त्यातून निघालेल्या दोन आखूड रेघा. आत्ती, आणि आत्तीचे पाय. माझी भीती ओसरली आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त अवघड होतं.

कॉलेजला किट परत हवं होतं. जुना नकाशा पुसून नव्यानं चाचणी घेतल्याशिवाय मामांचा अहवाल पुरा होत नव्हता, आणि मामा रोज उद्यावर ढकलत होते. मी म्हणालो, "बिघडलंय म्हणून कळवा की."

"त्याच्यावर पोरं शिकनार हायती. खोटं कसं लिवू?"

"मग चित्राची कॉपी काढून ठेवू."

"चित्र ठिवून काय करू? चित्राला वळसा कोन घालतंय?"

 मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि नकाशा खोडला. गाडीनं घरभर फिरून नवा नकाशा केला. सोपा आता मोकळा होता. मग मामांनी तिला स्वयंपाकघरातून सोडलं. दिवेलागणीची वेळ होती, फळीवरचे सगळे डोळे बाहेरच्या उजेडात चकाकत होते. गाडी आली, या वेळी हळूही झाली नाही, सरळ खांबाकडे निघाली.

"अगं, पाय घे मागं!" मामा ओरडले.

गाडी त्या जागेवरून तशीच पुढं गेली आणि दाराशी थांबली. चाचणीत काही खोट नव्हती. मामा खांबाकडे बघत उभे राहिले. त्यांना हाक मारायचा मला धीर होईना. खरं सांगायचं तर, आत्ती काहीतरी उलट बोलेल म्हणून मीही कान देऊन उभा होतो.