कोपऱ्यातल्या मावशींकडच्या किल्ल्या

पिंपरीच्या कामगार वसाहतीत आमच्या मजल्यावर आठ खोल्या होत्या. घरोघरी शिफ्ट वेगळी, म्हणून प्रत्येकाची दुसरी किल्ली कोपऱ्यातल्या मावशींकडे असायची. त्या दिवसभर घरी असत. पुढे त्यांच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा तेही घरी बसले आणि काम शोधू लागले.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे मजल्यावरचे अर्ज माझ्याकडेच यायचे. त्या वर्षी वसाहतीत चोऱ्या फार होत्या, नळाच्या तोट्यासुद्धा टिकत नसत. एका दुपारी शेजारच्या काकांच्या घरातून तांब्याचा बंब गेला. मावशी तेव्हा रेशनच्या रांगेत होत्या. संध्याकाळी काका पोलिसांतल्या तक्रारीसाठी कागद घेऊन आले.

"लिही साहेब. आणि संशय कुणावर, तेही घाल. दिवसभर घरी कोण बसतं, सगळ्यांना ठाऊक आहे."

मी मावशींच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. हे सांगायला आजही जड जातं. पोलिसांनी नेलेल्या माणसाला पुन्हा कुठली कंपनी घेणार, हे मला कळत होतं. पण मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय नव्हती. पुढे 'दाराचा कोयंडा उचकटून' एवढं लिहिलं आणि हात थांबला.

"काका, तुमची किल्ली तर त्यांच्याच घरात होती. ते कोयंडा कशाला उचकटतील?"

"कॉलेजात वकिली पण शिकवतात का रे?"

मी पेन खाली ठेवलं. मग काका म्हणाले, "बरं, काढ ते नाव."

तो कागद फाडून मी दुसरा लिहिला. पण दार उघडं होतं, बोलणं गॅलरीभर गेलं होतं. सकाळी मावशी दारोदार किल्ल्या परत देत आल्या.

"आमची राहू दे की," आई म्हणाली. "आम्ही काय बोललो का?"

"तुमी न्हाई बोललात ताई. पर लिवणारा तुमचाच व्हता."

मी आतून बाहेर आलो. "मावशी, नाव मी लिहिलं होतं. नंतर काढलं."

"काढलं ते बी ऐकलं बाबा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पर पोलिस आलं की किल्ल्या कुणाकडं असत्यात, हेच आदी इचारतील. ह्यांनी अजून कामासाठी किती दारं हिंडायची हायेत."

आईच्या हातात किल्ली ठेवून त्या पुढच्या दाराकडे गेल्या.