मामेसासऱ्यांची हातोडी

हातोडी मारली की जगातली प्रत्येक वस्तू आपलं दुखणं आपण होऊन सांगते, असं मानणारा एकच माणूस ब्रह्मदेवाने घडवला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हे मामेसासरे कर्जत स्टेशनात आगगाडीची चाकं ठोकून बघायच्या नोकरीत होते. घाट चढण्याआधी गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन हे डब्याडब्याखाली वाकायचे. चाक ‘टण्ण’ म्हणालं की ठीक, ‘थद्द’ म्हणालं की तडा. नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नोकरी सुटल्यावर माणसाने गप बसावं की नाही? सरकारची हातोडी यांनी परत केली, आणि लगेच लोहाराकडून तश्शीच दुसरी घडवून घेऊन उरलेलं जग ठोकायला काढलं.

माठ घ्यायला गेले की एका माठासाठी तीन फोडायचे. कुंभारीण कळवळून म्हणायची, “अवो मामा, घ्यायचा तर घ्या, फोडताय कशाला?” यावर यांचं उत्तर, “फुटला म्हंजे कच्चाच व्हता.” पुढेपुढे ती बाई लांबून यांची टोपी दिसली की माठांवर पोती टाकायची. शेजाऱ्याने नवी भिंत बांधली, तर हे वास्तुशांतीच्या पंगतीतून उठून ती ठोकत बसले आणि “आत पोकळ हाय” असं बुंदी वाढणाऱ्या यजमानाला यांनी ऐकवलं. मला बघायला आले तेव्हा हातोडी नव्हती, हे माझं नशीब. तरी बोटाच्या पेराने माझ्या गुडघ्यावर दोन टोले हाणलेच, आणि “भरीव हाय पोरगा” असा निकाल दिला. त्या एका निकालावर माझं लग्न जमलं असं बायको अजून म्हणते. तिला मामाच्या कानाचा भारी अभिमान. अख्ख्या स्टेशनात तसा कान दुसरा नव्हता, हे मी रोज जेवणाबरोबर ऐकायचो.

माझं कर्जतला औषधांचं दुकान. खालापूरकडच्या डॉक्टरांना माल पोचवायला आणीबाणीनंतर मी एक म्हातारी मोटार विकत घेतली, आणि वर्षभरात तिचं ढुंगण हलायला लागलं. दुसरा शब्द नाही त्याला. वळणावर पुढची चाकं वळायची, मागचा भाग जरा विचार करून मग यायचा. खड्ड्यात गेली की मागून ‘ठक’. रविवारी याच गाडीत बायको आणि दोन मुली बसायच्या, म्हणून हे दुखणं काढणं भागच होतं. बायको म्हणाली, “मामाला दाखवा.” झालं! मामा हातोडी घेऊन हजर. पोतं पसरून गाडीखाली शिरले आणि अर्धा तास टणाटणा बडवून बाहेर येऊन म्हणाले, “शॉकअप गेलाय.” बदलला. ठक तशीच. दुसऱ्या रविवारी निकाल: “स्प्रिंगच्या पाट्याचं पान मोडलंय.” तेही बदललं. तिसऱ्या रविवारी खुद्द आसावरच संशय! अरे, काय चाललंय काय? आणि वर दर वेळी तोच उपदेश, “नीट हुईस्तवर पोरींना हीत बशवायचं नाय, जावाय. आन विसाच्या वर चालवायची नाय.” स्वतः मात्र मागच्या सीटवर ऐटीत बसायचे. विसाने हाकत होतो तेव्हा कळंबचा एक सायकलवाला मला मागे टाकून गेला, हसतसुद्धा होता मेला.

शेवटी बायकोला न सांगता मी कुंभिवलीच्या हमरस्त्यावरच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने हातोडीला हातही लावला नाही. मागचा पाटा गाडीच्या सांगाड्याला अडकवलेला असतो, तिथे पहार घालून नुसता जोर दिला, तर अख्खा पाटा दोन बोटं सरकला. “सांध्यातले रबरी बुश खल्लास हायेत, शेठ. मागची चाकं आपल्या मनानं वळतात.” बुश त्याच्याकडे नव्हते, गुरुवारी या म्हणाला. परत येताना कर्जतच्या अलीकडे मामा रस्त्यावर उभे. गाडीत मागे बसले. मी मुद्दाम मान वळवून, त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालो, “मेस्त्रीकडे जाऊन आलो, मामा. रबरी बुश गेले होते.”

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “रबर व्हय? रबर बोलत नाय ना, जावाय. लोखंड असतं तर सुटलं नसतं.” गाडी निघाली. रस्ता असा की धक्क्यावरून काही कळायची सोयच नाही, फरक आवाजाचाच. मागून ठक, ठक, ठक. मामांनी डोळे मिटले, कान खिडकीकडे कलता केला आणि समाधानाने म्हणाले, “आता बघा. गेला आवाज. कशी गप चाललीय.”

नेमकी तेव्हाच अशी ठक वाजली की औषधांच्या बाटल्या खोक्यात किणकिणल्या. खवचट बोलायला मी तोंड उघडलं होतं. आरशात पाहिलं, तर मामा हसत होते. मी म्हणालो, “हो मामा. गेला.” तेही त्यांना ऐकू गेलं नसणार.

मामांना घरी सोडलं तेव्हा मामींना त्यांच्या कानाबद्दल हळूच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चार वर्सं झाली. नोकरीची दोन वर्सं बाकी व्हती, तवाच हातोडी सायबाच्या टेबलावर ठेवून आले. एक चाक ऐकू आलं नाय म्हणाले. गाडीत माणसं असतात.”

मी भडकलो. “आणि माझ्या गाडीत काय भाताची पोती होती?”

“म्हणून तर पोरींना बसू दिलं नाय. सोता बसायचे मागं.”

“मग सरळ सांगायचं ना!”

“कुणाला? तुमच्या बायकूला?” मामींनी सूप खाली ठेवलं. “ती येवढीशी व्हती तवापासून मामाचा कान, मामाचा कान करत आलीय. कसं सांगतील, जावाय?”

लाज वाटली मला, दुसरं काय. गुरुवारी बुश बसवले, गाडी सुतासारखी चालू लागली, आणि मी बायकोला सांगितलं की रबराची खोड मामांनीच काढली, मेस्त्रीने फक्त पहार घातली. भाचीने कौतुक केल्यावर हा गृहस्थ लाजला नाही की ‘मी नव्हे’ म्हणाला नाही! उलट पुढची पाच वर्षं येईल त्याला रबराचं दुखणं कसं ओळखावं यावर व्याख्यान देत राहिला, आणि मला शेजारी बसून माना डोलवाव्या लागल्या.

मामा गेल्यावर मामींनी ती हातोडी माझ्याकडे दिली. ती मोटारही आता नाही. कधीतरी सकाळी, कोणी बघत नाहीसं पाहून, मी दुसऱ्या गाडीच्या चाकावर एक टोला मारतो. मला अगदी स्वच्छ ऐकू येतं. ते काय म्हणतंय हे मात्र कळत नाही, आणि विचारावं तर मागच्या सीटवर कोणी नसतं.