पाणी पिणारी नौका

आमच्या धरणाच्या जलाशयावर कधीकाळी नौदलाची लाकडी गस्तनौका फिरत असे. निवृत्तीनंतर जपायची म्हणून तिला वर्षानुवर्षे शेडमध्ये कोरडी ठेवली, आणि त्या जपण्यानेच फळ्या आक्रसून तिचे सांधे उघडले. तरंगली तर जलाशयावरच ठेवू, नाहीतर मोडीत काढू, असे ठरले होते.

परवा काठालगत तिला पाण्यात सोडले. फटीफटींतून पाणी झुळझुळत आत आले, आणि ओल्या सागवानाचा कडवट गंध दरवळला. मी ओरडले,

“अहो तांडेल, बुडतेय ती!”

“बुडत नाही बाई, पितेय,” तिचे सुकाणू सांभाळण्यात उभी हयात काढलेले वृद्ध तांडेल म्हणाले. “इतकी वर्षं तहानलेली ठेवलीत, आता पोटभर पिऊ द्या की!”

आपण प्रियजनांनाही अनेकदा नेमके त्यांच्या पाण्यापासूनच राखत असतो.

आज तिसरा दिवस. फळ्या फुगून एकमेकींना बिलगल्या आहेत. तांडेलांनी आतले पाणी उपसले, तळ पुसला, घटकाभर वाट पाहिली आणि शुभ्र सदऱ्यानिशी ते तळाशी खुशाल उताणे झोपले.

“सदरा भिजला तर घरी बोलणी खाल,” मी म्हटले.

ते उठले, पाठमोरे झाले. पाठीवर पाण्याचा एकही ठिपका नव्हता.